ओटीवर ओटीपी

आमच्या वाडीत एक आंबा आहे, त्याला फोनाचा आंबा म्हणतात. रायवळ आहे, इतका आंबट की लोणच्यालाही कोणी नेत नाही. पण घरापासून पाखाडीच्या एकशे बारा पायऱ्या चढून त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की फोन लागतो. गॅसचा नंबर तिथून लागतो, मुंबईकरांची खुशाली तिथे कळते, दोन सोयरिकी तिथे जुळल्यात. एकदा दोघे भाऊ जमिनीवरून तिथेच भांडले. म्हणजे एक आंब्याखाली आणि दुसरा नालासोपाऱ्याला. सगळ्या वाडीला अर्धंच भांडण ऐकू आलं आणि उरलेलं अर्धं ज्याने त्याने आपल्या मनाने जुळवून घेतलं.

आमचं घर गुहागर तालुक्यात, शास्त्री नदीच्या खाडीकडे उतरणाऱ्या डगरीवर. समोर खाडी, पलीकडे जयगड. रात्री जयगडच्या दीपगृहाचा झोत फिरताना आमच्या माडीच्या खिडकीतून दिसतो. पाठीमागे डोंगर, डोंगरावर सडा, म्हणजे कातळाचं सपाट माळ, आणि सड्यावर टॉवर. सरळ रेघ मारली तर तो दीड किलोमीटरसुद्धा नाही. पण टॉवर सड्याच्या कडेपासून बराच आत, आणि आम्ही कडेच्या बरोब्बर खाली. आढ्यावर बसलेल्या माणसाला पडवीतलं मांजर दिसेल का, तसं ते.

२०२० साली ऑफिस घरी आलं आणि आम्ही गावी आलो, ते इथेच राहिलो. नवऱ्याने कलमं बघायला घेतली. माझं काम हिशेबाचं, मुंबईतल्या तीन छोट्या धंद्यांची जीएसटीची रिटर्न्स आणि पगारपत्रकं. वाडीत फायबर नाही. माडीच्या खिडकीच्या गजाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एक डोंगल टांगलेलं असायचं, ते कण्हत-कुथत चालायचं. रिटर्न चढायचं कसंबसं, पण अडायचं ते ओटीपीला. तो यायचा फोनवर, आणि फोन घरात मेलेला. मग मी लॅपटॉप घेऊन ओटीवर आणि सासरे फोन घेऊन आंब्याखाली. मेसेज आला की अण्णा वरून ओरडून आकडे सांगायचे. सहाच्या सहा आकडे, खणखणीत. ओटीपी कोणालाही सांगू नका म्हणून बँक दर आठवड्याला बजावते. आमचा ओटीपी खाडीतल्या होडीपर्यंत पोचत असेल.

एका महिन्याच्या वीस तारखेला तीनदा ओटीपी शिळा झाला, चौथ्यांदा अण्णांनी सातला नऊ वाचलं आणि खातं कुलूपबंद झालं. त्या रात्री ठरवलं, याचा छडा लावायचा.

सुरुवात केली ती सगळे करतात त्याच येडेपणाने. विमान मोड चालू-बंद. सिम काढून खोडरबराने घासलं. नेटवर्क रीसेट केलं, त्यात घरातल्या वायफायचा पासवर्डही गेला. फोनच्या पाठीला गाडीतल्या चुंबकासाठी चिकटवलेली लोखंडी चकती होती, ती काढली. हे मात्र अगदीच फुकट गेलं नाही, कारण आजकालच्या फोनचे अँटेना कडेच्या पट्ट्यांत असतात आणि पाठीवर पत्रा चिकटवणं त्यांना मानवत नाही. शेवटी बावीस हजारांचा नवा फोन घेतला. दुकानदार म्हणाला, यात नेटवर्क एकदम फुल्ल. घरी आणला, ओटीवर उभी राहिले, दोन दांड्या! जुन्या फोनवर एकही नव्हती. आनंदाने नवऱ्याला हाक मारली, फोन लावला, आणि 'कॉल फेल्ड'.

दिवाळीत पुण्याहून भाचा आला. तो इंजिनियरिंगला आहे, दुसऱ्या वर्षाला, म्हणजे सगळं येतं असं वाटायच्या वयाचा. त्याने दोन्ही फोन शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मामी, दांड्या बघूच नकोस. दांड्या म्हणजे कंपनीची मर्जी." मग त्याने डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबलं. एक साधा, कुरूप पडदा उघडला आणि त्यात ओळ होती: उणे ११३ डीबीएम. डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप. जुन्या फोनवरही तेच केलं. उणे ११२. बावीस हजारांत मी दोन रंगवलेल्या दांड्या विकत घेतल्या होत्या.

हे आमच्यापुरतंच नाही म्हणे. किती डीबीएमला किती दांड्या, याचा सगळ्यांना लागू असा नियमच नाही. २०१० साली आयफोन ४ निघाला तेव्हा तो डाव्या हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की सिग्नल पडतो अशी जगभर ओरड झाली. त्याच्या कडेची धातूची पट्टी हाच अँटेना होता आणि तळहाताने तिचे दोन तुकडे जोडले जायचे. त्या गडबडीत ॲपलनेच कबूल केलं की दांड्या मोजायचं त्यांचं सूत्र चुकीचं होतं आणि फोन बऱ्याचदा दोन दांड्या जास्त दाखवत होता. म्हणजे दांड्यांवर ज्यांनी भरवसा ठेवला ते सगळेच ओटीवर उभे.

डीबीएम समजायला मला हिशेबनीस असण्याचा फायदा झाला. आकडा उणे असतो, म्हणून उणेचं चिन्ह सोडून तो जितका लहान तितका बरा. उणे ८० म्हणजे चंगळ, उणे १०० म्हणजे चालतंय, उणे ११० च्या पुढे रडकथा, १२० ला संपलं. आणि हे सरळ वजाबाकीचे आकडे नाहीत. तीनाने खाली गेलात की ताकद निम्मी, दहाने गेलात की दहावा हिस्सा. आंब्याखाली उणे ९३ होतं आणि ओटीवर ११३. वीसचा फरक, म्हणजे ओटीवर शंभरावा हिस्सा. रुपयाचा पैसा झालेला.

मी वही घातली. भाऊबीज झाल्यावर दोन दिवस दुसरं काही केलं नाही. देवघर, माजघर, न्हाणीघर, पडवी, खळं, गोठा, विहिरीचा काठ. एका जागी फोन स्थिर धरायचा आणि दहा आकडे लिहायचे, कारण नुसता श्वास घेतला तरी आकडा चार-पाचने हलतो. मग सरासरी. माजघरात 'सेवा नाही'. तिथल्या चिऱ्याच्या भिंती हात-दीड हात रुंद आहेत, त्यांतून आत यायचं तर सिग्नलला पाहुणा म्हणून बोलवायला लागेल. देवघर ११८. गंमत म्हणजे माडीवर, नुसत्या कौलांखाली १०६. कौलं तशी दिलदार असतात, चिरा चिक्कू.

आणि ओटी? ओटी आमचीच आम्ही मारली होती. आदल्या वर्षी झडीने ओटी भिजते म्हणून खळ्याच्या खाडीकडच्या अंगाला कंबरेपासून वळचणीपर्यंत निळे पत्रे ठोकले. पत्रा म्हणजे लोखंड, सिग्नल त्याला आपटून परत जातो. अण्णा म्हणाले, "तरीच! गेल्या साली ओटीवर मना मुंबईचा फोन आलेला एकदा. मी म्हनतो कुठं गेला त्यो फोन."

पण पत्र्याने अडला असेल तर सिग्नल खाडीकडून येत असणार. सड्यावरच्या टॉवरकडून नव्हे! हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. भाच्याने खळ्यात एक खेळ करून दाखवला. फोन छातीशी धरायचा आणि देवाला प्रदक्षिणा घालतो तसं स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, सिग्नलच्या आड आला की आकडा पडतो. ज्या दिशेला पाठ केल्यावर आकडा सगळ्यात वाईट, टॉवर तिकडे. मी फिरले. डोंगराकडे पाठ केली, फारसा फरक नाही. जयगडाकडे पाठ केली, आकडा सहाने पडला. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून बघत होत्या. "काय गो, अंगात आला काय?" म्हणाल्या.

उलगडा असा झाला. सड्यावरच्या टॉवरचा ८५० मेगाहर्ट्झचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, डोंगराच्या कडेवरून वाकून थोडाफार खाली यायचा. लांब लहरी वळण घेतात, आखूड लहरींना ते जमत नाही. आणि खाडीपलीकडून, पाच-एक किलोमीटरवरून, दुसरा टॉवर सरळ पाण्यावरून आमच्या दारात बघत होता, त्याचे १८०० आणि २३०० चे बँड. फोन दोघांच्या ओढाताणीत. कधी या दाराला, कधी त्या दाराला, आणि फोन लावायच्या ऐन वेळी मधल्या अंगणात.

दांड्या असून फोन का लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. टॉवर म्हणजे देवळाच्या शिखरावरचा कर्णा, दहा-वीस वॅटच्या हिशेबात ओरडणारा. आपला फोन म्हणजे गाभाऱ्यात पुटपुटणारी म्हातारी, जास्तीत जास्त ०.२ वॅट. कर्णा आपल्याला ऐकू येतो म्हणून दांडी दिसते. म्हातारीचं पुटपुटणं पलीकडे पोचत नाही म्हणून फोन लागत नाही. ती बिचारी जीव तोडून ओरडत राहते, म्हणून गावी आल्यावर सगळ्यांच्या बॅटऱ्या दुपारपर्यंत बसतात. चाकरमानी त्याचं खापर आमच्या विजेवर फोडतात. विजेचे दोष पुष्कळ आहेत, पण हा तिचा नाही.

मधल्या काळात तालुक्याच्या बाजारात एकाने बूस्टर घ्यायचा सल्ला दिला. काचेखाली नव्हता, आतल्या खोलीतून काढून दाखवला, त्यातच काय ते समजायला हवं होतं. सिग्नल पकडून मोठा करून घरात सोडणारं यंत्र, पाच हजार. घेतलाच होता जवळजवळ. भाच्याने फोनवर झापलं. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं बाळगणंसुद्धा १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ती सूट दिलेली नाही. कायदा उगाच नाही. तसलं यंत्र चांगल्याबरोबर खरखरही मोठी करून टॉवरच्या कानात ओततं. गणपतीत माईक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तीच टॉवरला ऐकू जाते. मग आमच्या ओटीवर दांड्या आणि पंचक्रोशीचे फोन बंद. सिमवर चालणारा राउटर आणि त्याला बाहेरचा अँटेना हे मात्र चालतं, कारण टॉवरच्या दृष्टीने ते एक गिऱ्हाईकच, फोनसारखं.

तक्रारही केली. कस्टमर केअरला आंब्याखालून फोन लावला, डॉकेट नंबर घेतला, आठ दिवसांनी मेसेज आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे. तो मेसेज मला आंब्याखालीच मिळाला. मग वरच्या अपिलाला लिहिलं. उत्तर आलं की आपल्या भागात कव्हरेज आहे. आहेच की, सड्यावर. याहून कामाचं निघालं ते सरकारचं तरंगसंचार हे संकेतस्थळ. टॉवरच्या किरणांची भीती घालवायला ते २०१७ साली काढलं, पण आपल्या आसपास कोणाचे टॉवर कुठे आहेत हे त्यात नकाशावर दिसतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांनाही आपापल्या कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. त्या नकाशात आमचं घर हिरव्या रंगात आहे. रंग सुरेख आहे.

मग सामान मागवलं. सिमचा राउटर, बँड निवडता येतो असा आणि मागे अँटेनाची दोन तोंडं असलेला. दोन अँटेना, अॅल्युमिनियमच्या काड्यांचे, दिसायला सुरमईच्या काट्यासारखे. पूर्वी दूरदर्शनसाठी कौलावर असायचे त्यांचेच चुलतभाऊ. वाडीतला वायरमन बघूनच खूश झाला. "वहिनी, हे लावायला काय अक्कल लागते! रामायणाच्या टायमाला मी अख्खी वाडी फिरवलेली." आणि खरंच, एकाने कौलावर पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आला, आला, गेला" ओरडायचं, हे जसंच्या तसं परत झालं. फक्त मुंग्यांच्या जागी डीबीएम.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. टॉवर आपले दोन प्रवाह एकमेकांना काटकोनात आणि जमिनीला पंचेचाळीस अंशांत तिरपे सोडतो, म्हणून आपलेही दोन अँटेना तसेच तिरपे, गुणाकाराच्या चिन्हासारखे बसवायचे असतात. मी खालून सांगायची तिरपा कर, तो वर जाऊन करायचा, आणि मी चहा ठेवायला आत गेले की परत सरळ करून ठेवायचा. "वाकडा दिसतो वो. लोक काय म्हणतील, कोणी लावला?" तीनदा झालं हे. शेवटी मी शिडीखाली स्टूल टाकून बसले.

अँटेनासोबत पंधरा-पंधरा मीटरच्या काळ्या वायरी आल्या होत्या. त्या कौलातून माडीवर, माडीवरून जिन्याने खाली माजघरात आणल्या, राउटरला लावल्या, दिवा हिरवा झाला, नवऱ्याने पेढे काढले. मी राउटरच्या पानावर आकडा बघितला. उणे ९९.

विश्वास बसेना. वायरी काढल्या, राउटर नुसता उचलून माडीच्या खिडकीत ठेवला, त्याच्या स्वतःच्या शेपट्यांवर. उणे ९५. अँटेना लावून वाईट, न लावता बरा! सगळं पुन्हा तपासलं, तोंडं घट्ट केली, अँटेना अदलाबदल केले. ९९ चा आकडा जागचा हलेना. रात्री पेढे खाताना भाच्याला फोन (आंब्यावरून). त्याने एकच विचारलं, "मामी, वायरीवर काय लिहिलंय?" आरजी ५८. मग तो हसला, आणि हसून झाल्यावर गणित सांगितलं. या पातळ वायरीत २३०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण एक डेसिबल सांडतो. पंधरा मीटर म्हणजे पंधरा डेसिबल. अँटेना देणार नऊ-दहा. वर घागर भरली आणि खाली आणेपर्यंत गळक्या पन्हाळीतून सगळी गेली, शिवाय पदरचं थोडं गेलं. जाड वायर घेतली असती, एलएमआर ४००, तर मीटरमागे पाव डेसिबलच्या आत भागलं असतं. पण ती बोटाएवढी जाड, महाग, आणि जिन्याच्या कोपऱ्यात वळता वळत नाही. अँटेना विकणाऱ्याने पेटीवर '११ डीबी' मोठ्या अक्षरात छापलं होतं. वायरीबद्दल एक अक्षर नाही.

यावरचा उपाय इतका साधा की माझा मलाच राग आला. सिग्नल खाली आणायचाच कशाला? राउटरलाच वर पाठवायचा. अँटेनाच्या वायरी कापून अर्ध्या मीटरच्या केल्या, राउटर पाइपवरच्या बंद डबीत बसवला आणि खाली आणली ती नुसती नेटची वायर. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार जाते, तिच्यात असं सांडत नाही. वीजही त्याच वायरीतून वर चढते, त्यासाठी दोन्ही टोकांना लावायच्या छोट्या डब्या मिळतात. खाली माजघरात साधा वायफायचा डबा. वायरमनला हे पटलं नाही. "मशीन बाहेर आणि माणसं आत? टीव्ही कौलावर ठेवून बघतात काय?" पण त्याने डबी लावली मात्र झकास. वायर डबीच्या खालून आत घेतली आणि घेण्याआधी तिला एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल, आत जाणार नाही. ही त्याची स्वतःची अक्कल. मला सुचली नसती.

उणे ८१.

त्या संध्याकाळी ओटीवर बसून रिटर्न भरलं. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, तेही असतं हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे २०१९ च्या अखेरीपासून आहे, सेटिंगमध्ये एक बटण. ते दाबलं की फोन टॉवरऐवजी घरातल्या वायफायवरून लागतो, आणि आमच्या सिमला ओटीपीसुद्धा त्यावरून येतो. ओटीवर पहिला ओटीपी आला तेव्हा अण्णा शेजारी सुपारी कातरत होते. त्यांना दाखवला. "हां," म्हणाले आणि कातरत राहिले. एकशे बारा पायऱ्या सुटल्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. वर गप्पांना चार माणसं भेटायची.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आठवड्याभरात एका दुपारी चारला मीटिंगमध्ये माझा चेहरा गोठला. आकडा बघितला तर उणे ९६. तासाभराने आपोआप ८१. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला तेच. तिसऱ्या दिवशी साडेपाचला, चौथ्या दिवशी सव्वासहाला. पाऊस नाही, वारा नाही, वीज आहे. टॉवरवर संध्याकाळी गर्दी होत असेल म्हणावं, तर गर्दी रोज पाऊण तास उशिरा कशी येईल? मग तीन-चार दिवसांत त्रास कमी होत होत थांबला. दहा-बारा दिवसांनी परत सुरू. मी वहीत वेळा लिहिल्या आणि जेवताना अण्णांना सहज वाचून दाखवल्या, की बघा कसा छळतोय.

अण्णांचा घास हातात थांबला. "परत सांग. तेरसीला चार? पुनवेला साडेपाच?" तिथ्या मी लिहिल्याच नव्हत्या, त्यांनी मनात लावल्या. "अगो, ही सुकती."

सुकती म्हणजे ओहोटी. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ घड्याळात बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, सव्वाअकराला भरती पुरी. तिथून सहा तासांनी सुकती तळाला. रोज पाऊण तास पुढे. आणि पुनव-अमावास्येच्या उधाणाला पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतं, अष्टमीच्या भांगाला ना धड चढ ना उतार. माझी वही आणि अण्णांचं बोटांवरचं गणित, ओळ न ओळ जुळत होतं.

भाच्याला सांगितलं तर तो अर्धा मिनिट गप्प. नंतर म्हणाला, बरोबर आहे, पाण्याचा आरसा. टॉवरचा सिग्नल आमच्याकडे दोन वाटांनी येतो. एक सरळ, एक खाडीच्या पाण्यावर आपटून. आपटून येणारीची वाट जराशी लांब, पाच किलोमीटरमध्ये फक्त अर्धा मीटर. दोन्ही लहरी उंचवट्यावर उंचवटा अशा आल्या तर एकमेकींना उचलतात. उंचवट्यावर खड्डा आला की एकमेकींना खातात. २३०० ची लहर जेमतेम तेरा सेंटिमीटरची. पाणी दोन मीटर उतरलं की त्या लांबच्या वाटेत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धी लहर. उंचवट्याच्या जागी खड्डा यायला तेवढं पुरतं.

आम्ही अँटेना पाइपवर दीड मीटर वर चढवून बघितला. सुकतीचा त्रास गेला आणि अर्ध्या भरतीला सुरू झाला. परत खाली आणला, निदान सुकतीची वेळ तरी अण्णांना पाठ. खरा उतारा निघाला ८५० मध्ये. तो येतो सड्यावरच्या टॉवरकडून, खाडीच्या पाण्याशी त्याला देणंघेणं नाही. वेग कमी, पण खाडी भरो की आटो, आकडा आपल्या जागी. आता मी राउटर एरवी २३०० वर ठेवते आणि उधाणाच्या दिवसांत सुकतीच्या आधी ८५० वर टाकते. लॅपटॉपच्या वर भिंतीला कॅलेंडर आहे, त्यात तिथ्यांखाली पेन्सिलीने वेळा लिहिल्यात. मुंबईच्या गिऱ्हाइकाने परवा विचारलं, मीटिंग सोमवारी पाचला ठेवू का? मी म्हटलं नको, शुक्रवारी ठेवा, भांग आहे. त्यांनी काय अर्थ लावला देव जाणे. "बरं, एंजॉय," म्हणाले.

पावसाळ्याबद्दल लोक विचारतात. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही, थेंब त्यांच्या मानाने क्षुल्लक आहेत. अडवतात ती भिजलेली झाडं. खळ्याच्या टोकाच्या फणसाची एक फांदी मिरगाआधी तोडावी लागली, त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता. वीज गेली की टॉवर त्याच्या बॅटरीवर काही तास तगतो आणि मग तोही झोपतो, त्यावर आपल्याकडे इलाज नाही. २०२० च्या निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर कित्येक गावं दिवसचे दिवस मुकी होती, तसं झालं तर फोनाचा आंबाही कामाचा नाही. आगोटीला गडगडायला लागलं की मी नेटची वायर उपसून ठेवते. पाइपला अर्थिंग केलंय, तरी. खारी हवा मात्र मुळावर येते. दुसऱ्या महिन्यातच अँटेनाच्या पितळी तोंडांवर हिरवा कळंक चढला आणि आकडा सहाने पडला. ती तोंडं घासून, ताणून चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळली, आता दर सहा महिन्यांनी उघडून बघायची.

वायरमनने या वर्षात वाडीत आणखी तीन घरांवर असे राउटर चढवलेत. अँटेना तिन्ही ठिकाणी तिरपे. कोणी विचारलं तर सांगतो, वाकडाच लावायचा असतो, तुमाला काय कळतंय.

अण्णांना आता फोन घेऊन कुठे जावं लागत नाही. बँकेचं काम निघालं की ते ओटीवर झोपाळ्यावर बसतात, मी समोर लॅपटॉप घेऊन, मध्ये दोन हातांचं अंतर. मेसेज वाजतो. अण्णा चष्मा वर करतात, मान मागे टाकतात आणि ओरडतात, "आठ! शून्य! चाऽऽर!"